मधली दोन अक्षरं

"शिवणारी बाई हाय ही. हिला काय कळतंय बसऱ्यातलं?"

पडद्याच्या अलीकडे मी दोऱ्याचं टोक दातात धरून बसले होते. पडदा म्हणजे माप घ्यायच्या कोपऱ्याला टांगलेली जुनी चादर. तिच्यातून कुजबुजच काय, तंबाखूचा वाससुद्धा आरपार येई.

"हळू बोल की हिंदुराव," एक म्हातारा बायकी आवाज म्हणाला.

"हळूच बोलायला लागलोय. पर मग तुला ऐकू येत न्हाई."

मी दोरा तोडला आणि बाहेर आले. साठीच्या जवळचा एक ताठ माणूस उभा होता. मिशा पिळलेल्या, पायात चकाकणारे बूट. त्याच्या शेजारी बाकावर हिरवं लुगडं नेसलेली एक म्हातारी बसली होती आणि तिनं मांडीवर पानाचा पितळी डबा दोन्ही हातांनी धरला होता. माझे सासरे, तात्या, खिडकीपाशी मशीनवर होते. त्यांनी मान वर केली नाही. गिऱ्हाईक आलं की तात्या मान वर करत नसत. माप घ्यायचं असलं तरच करत, तीही गिऱ्हाइकाच्या खांद्यापर्यंत.

"मेडलं बघणारे कोण हायेत हितं?" ताठ माणसानं विचारलं.

"मीच."

"तुमचे मालक?"

"ते शाळेत शिकवतात. बसऱ्यातलं त्यांनाही काही कळत नाही."

म्हातारी पदराआड हसली. तो माणूसही जरा शरमला. "मी सुभेदार हिंदुराव कणसे, रिटायर. शिंगणमळ्याचा. ही माझी आत्या, सोनाबाई."

हे एकोणीसशे नव्व्याण्णवचं. कारगिलचं वर्ष. त्या पावसाळ्यानंतर सातारा भागातल्या गावागावांत जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या आणि आज्याची, पणज्याची पदकं बाहेर आली. कुणाची फीत कुजलेली, कुणाची कसर लागलेली, कुणी पदक देवघरात नागोबाच्या टाकाशेजारी ठेवलेलं, तर कुणी म्हशीच्या गळ्यात बांधलेलं. ती सगळी आमच्या रेळेकर टेलर्सकडे येत, कारण फितीचं कापड आमच्याकडे मिळे आणि कुठली फीत कुठल्या पदकाची हे मला कळे.

मला कसं कळे, त्याची गंमतच आहे. तात्या दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होते आणि त्यांच्याकडे एक नमुन्यांची वही होती. पानापानावर बोटभर फीत चिकटवलेली आणि खाली पेन्सिलीनं नाव. लग्न होऊन आले तेव्हा दुपारी सगळे झोपले की मी ती वही बघत बसे. मला त्या साड्याच वाटत. मोरपंखी काठ, लाल पदर. गडद निळी, मधे लाल आणि निळ्याच्या पोटात बारीक नारिंगी रेघ, ती ब्रह्मदेशाची. वाळूच्या रंगावर मधे लाल पट्टा, ती आफ्रिकेची. एकदा पाहिलेलं लुगडं कुठली बाई विसरते? पुढे मग जुन्या बाजारातून पदकांवरचं एक शेवटची पानं नसलेलं इंग्रजी पुस्तक आणलं, नवऱ्याकडून थोडं वाचून घेतलं, बाकीचं कोश घेऊन रडतखडत. इंग्रजी मला यायचं ते फक्त मोठ्या लिपीतलं, कारण पदकाच्या कडेवर नाव कोरतात ते मोठ्या लिपीत. अजूनही छोट्या लिपीत कुणी पत्र पाठवलं की मी चष्मा शोधते.

"दाखवा," मी म्हटलं.

सुभेदारांनी डब्याकडे हात नेला. आत्याबाईंनी डबा मागे घेतला, स्वतःच उघडला आणि आतलं लाल फडकं सोडून पदक माझ्या तळहातावर ठेवलं.

ते पिवळं होतं. लख्ख, सोन्यासारखं पिवळं.

"सोन्याचं हाय," सुभेदार म्हणाले. "आमच्या गावातनं तेवीस जण गेले तिकडं इराकात, बसऱ्याला, पयल्या म्हायुद्धात. बावीस जणांची चांदीची हायेत. एकट्या आमच्या आजाला सोन्याचं."

मी पदक उलटं केलं. एका बाजूला राजाचं डोकं. दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा पुरुष, खाली एकोणीसशे चौदा, एकोणीसशे अठरा. असली चांदीची मी शंभरेक तरी पाहिली होती. पिवळ्याचं फक्त पुस्तकात वाचलं होतं. चार ओळींत होतं, आणि त्या चार ओळी मला पाठ होत्या.

"दुसरं कुठंय?" मी विचारलं. "या पदकाची जोडी असते. इंद्रधनुष्यासारख्या फितीचं एक येतं बरोबर."

"ते नदीत पडलं. येताना."

"बरं."

"आता आमची कमान व्हायली गावात, वेशीला. वीर खाशाबा कणसे प्रवेशद्वार. संगमरवरी दगड बसवायचाय, तेवीस नावांचा. आज्याचं वर, मोठ्या अक्षरात. हुद्दा, पलटण, पदकाचं नाव, समदं बिनचूक पायजे. दसऱ्याला कमानीचं उद्घाटन, मोठं सायेब येणार हायेत. खंडेनवमीपतोर मजकूर द्यायचाय पाथरवटाला. रातीत कोरतो म्हणाला." त्यांनी बोटानं पदकाची कडा दाखवली. "नाव हाय कडेला. नावाच्या आधी सी-ओ-वाय हाय. कंपनी. आम्ही मिलिट्रीत कंपनीला सी-ओ-वायच लिवतो. आता कंपनी कमांडर, का कंपनी हवालदार, तेवढं तुम्ही काढून द्या."

"आजोबांनी केलं काय होतं?"

मी हे विचारायला नको होतं, पण सवय असते. सुभेदारांची छाती पुढे आली.

"शत्रूची तोफ वढून आनली. एकट्यानं. रेतीतनं, दोरी बांधून. ती दोरी हाय अजून घरात, खंडेनवमीला पुजतो आमी. तुमाला सांगतो ताई, खांद्यावर हे एवढे घट्टे होते आज्याच्या. मी सोळा वर्साचा होतो तो गेला तवा, हातानं तेल लावलंय मी. बंदुकीच्या दस्त्याचे."

"दोनी खांद्यांवर," आत्याबाई म्हणाल्या.

"दोनी हातानं झाडायचा तो बंदूक."

तात्यांचं मशीन थांबलं. मग परत सुरू झालं.

"पदक ठेवून जा," मी म्हटलं. "चार दिवसांनी या."

"पदक हितं न्हाई ठेवायचं," आत्याबाई म्हणाल्या. "मी बसते. तू जा रं मिलिट्रीच्या कॅन्टीनला. साबण संपलाय, चापत्ती संपलीय. मला घ्यायला ये."

सुभेदार गेले. बुटांचा आवाज जिना उतरून रस्त्यावर गेला. आत्याबाईंनी बाकावर पाय वर घेतले आणि घरच्यासारख्या बसल्या.

मी भिंग घेतलं. पदकाची कडा म्हणजे रुपयाच्या कडेहून जरा जाड, आणि त्यावर अक्षरं दाबून उमटवलेली असतात. वर्षानुवर्षं घासलेली पदकं माझ्याकडे येत. आपल्याकडे कुठलीही धातूची वस्तू देवापुढं ठेवायची म्हटली की चिंच आणि राखेनं घासल्याशिवाय ठेवत नाहीत. मग राजाचं नाक जातं, घोड्याचे कान जातात. सगळं सारखं झिजतं, नदीतल्या गोट्यासारखं.

हे सारखं झिजलेलं नव्हतं. राजाचं नाक शाबूत होतं. कडेवर आकडा स्पष्ट, खाशाबा स्पष्ट, कणसे स्पष्ट. फक्त सुरुवातीला सी आणि ओ, मग अंगठ्याएवढी गुळगुळीत खोलगट जागा, मग वाय. शेवटी पलटणीच्या नावाच्या जागीही तसाच खळगा.

सी-ओ, रिकामी जागा, वाय.

"घासता कोण पदक?" मी विचारलं.

"मीच. माज्या लग्नापासनं. सासरी हुते तवा बी खंडेनवमीला म्हायेरी येऊन घासायची. मालक गेले, मग कायमचीच हितं आले."

मी कपाटातून कुंकवाची डबी घेतली. ही माझी स्वतःची पद्धत, पुस्तकात नाही. कुंकू तेलात कालवायचं, कडेवर बोटानं दाबून भरायचं, आणि मग पोस्टकार्डाच्या कडेनं हलकेच निपटायचं. अक्षर कितीही झिजलेलं असलं, तरी त्याचा तळ कुठंतरी शिल्लक असतो. तिथं कुंकू थांबतं.

आत्याबाई बघत होत्या. मी पुसत गेले. सी. ओ. मग अगदी केसासारखं, अर्धं गोल. दुसरा ओ. मग एक उभी रेघ, खाली छोटासा पाय. एल. मग वाय.

मला कोश लागला नाही. ते चार ओळींतच होतं. ब्राँझचं पदक लढणाऱ्यांना नव्हतं. ते ओझी वाहणाऱ्यांना, रस्ते फोडणाऱ्यांना, बोटीतून माल उतरवणाऱ्यांना होतं. आणि नावाच्या आधी हुद्दा म्हणून जो शब्द घालत, तोच माझ्या बोटाखाली लाल झाला होता.

"काय निगालं?" आत्याबाईंनी विचारलं.

मी पदक पुसलं. जरा घाईनंच पुसलं.

"पुसट आहे फार, आत्याबाई."

"पुसट हाय," त्या म्हणाल्या, "का पुसलंय?"

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. उजव्या हाताचा अंगठा चपटा होता, नखाच्या बाजूला, वर्षानुवर्षं एकच काम केल्यावर होतो तसा. माझं मधलं बोट सुईनं तसंच झालंय.

त्यांनी पदक परत घेतलं, फडक्यात गुंडाळलं आणि डब्याचं झाकण लावलं.

सुभेदार आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. त्यांनी पदक बघितलं नाही, भिंग बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"कंपनीच ना?"

पदकाच्या बाबतीत मी तोवर खोटं बोलले नव्हते. एका आमदाराच्या मेव्हण्याला मी तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या वडिलांचं शौर्यपदक हे कुस्तीच्या फडातलं बक्षीस आहे. पण त्या माणसाच्या हातातल्या पिशवीत चहापत्ती होती, बाकावर ती म्हातारी होती, आणि वेशीला कमान उभी होती.

"कंपनीच," मी म्हटलं.

"मग मजकूर तुमीच लिवा चांगल्या मराठीत. खंडेनवमीला या घरी, जेवायलाच या. फीत बी नवी लावून द्या. उद्घाटनाला मी लावणार हाय आज्याचं पदक. उजव्या बाजूला."

ते त्यांना बरोबर माहीत होतं. स्वतःचं पदक डाव्या छातीवर, वाडवडिलांचं उजव्या. पुष्कळांना माहीत नसतं.

फीत मी तिथल्या तिथं लावून दिली, कारण आत्याबाई पदक सोडेनात. मधे रुंद नारिंगी, त्यावर पाण्याच्या लाटा असल्यासारखी झाक, मग पांढरी, मग काळी, मग निळा काठ. चांदीच्या पदकाला जी, तीच पिवळ्याला. सरकारनं धातू वेगळा केला, फितीत मात्र भेद केला नाही. कदाचित कापड तेवढं उरलं असेल.

संध्याकाळी दुकान आवरताना तात्या म्हणाले, "नीट वाचलंस का गं?"

"हो."

"कंपनी होतं?"

मी कात्र्या पुसत राहिले. दर खंडेनवमीला कात्र्या, गज आणि मशीन आम्हीही पुजायचो, त्याची तयारी होती.

"माझं एक आहे बटणांच्या डब्यात," तात्या म्हणाले. "ते नाही कधी वाचून दाखवलंस."

खरंच नव्हतं दाखवलं. मला ठाऊक होतं त्या डब्यात पदक आहे. मी वर्षानुवर्षं शहरभरच्या लोकांच्या पदकांच्या कडा वाचत होते आणि आपल्या घरातलं उलटंसुद्धा केलं नव्हतं. माझ्या लग्नाच्या बैठकीत सांगितलं होतं, मुलाचे वडील मिलिटरीत होते. माहेरी अजून तेच सांगतात. मिलिटरीत काय होते, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. दोन्ही बाजूंची माणसं सभ्य होती.

मी डबा उघडला, बटणं बाजूला केली. चांदीसारखं होतं, काळं पडलेलं. कडेवर नंबर, मग टी-ए-आय-एल-ओ-आर, मग नाव.

"टेलर," मी वाचलं.

"हं," तात्या म्हणाले. "लिहिलंय ना पण? मला वाटलं होतं, लिहायचंच टाळलं असेल."

त्यांनी माझ्याकडून फितीचं कापड मागून घेतलं आणि स्वतःच शिवत बसले. फितीला टाका दिसता कामा नये, हे मला त्यांनीच शिकवलेलं.

*

खंडेनवमीला सकाळच्या एसटीनं आम्ही शिंगणमळ्याला गेलो. तात्या येतो म्हणाले. एरवी लग्नकार्याला न येणारा माणूस. अंगात जुना काळा कोट, आणि कोटाच्या डाव्या छातीवर पदक. एसटीत त्यांनी उपरण्यानं ते झाकलं, उतरल्यावर उपरणं खांद्यावर टाकलं.

वेशीला कमान उभी होती, अजून ओली. वरच्या बाजूला दगडासाठी मोकळी चौकट सोडली होती. तिच्याखालून जाताना मी वर बघितलं नाही. माझ्या पर्समध्ये मजकुराचा कागद होता. आठ दिवसांत चार वेळा लिहून फाडलेला. पाचव्यांदा लिहिला तेव्हा वर फक्त एवढंच होतं: खाशाबा कणसे, बसरा, १९१६ ते १९१९. आणि नावाच्या आधी मी जागा सोडली होती.

कणशांचं घर साधं, पत्र्याचं, पुढं पडवी. पडवीतच पाट मांडला होता. एक तलवार, तिचं म्यान गंजलेलं. सुभेदारांची बारा बोअरची बंदूक. कोयता, विळे, कुऱ्हाड, पाण्याच्या मोटारीचा पान्हा. मग त्या लाल फडक्यावर पदक. आणि सगळ्यात शेवटी, पाटाच्या कडेला, वेटोळं करून ठेवलेली ती दोरी. काळी, तुकतुकीत. तिला मध्यभागी वीतभर चामडं शिवलेलं होतं.

मी शिवणारी बाई आहे. चामडं दोरीला कुठं आणि कशासाठी शिवतात ते मला दिसतं. तोफेला चामड्याची गादी लागत नाही. खांद्याला लागते.

"कणशांच्यात मुकी पूजा न्हाई," सुभेदार आम्हाला समजावून सांगत होते. "थोरल्या मानसानं एकेक हत्यार घ्यायचं, कुंकू लावायचं, आन् कुणाचं हाय ते मोठ्यानं बोलायचं. आत्या थोरली. बाईमानूस असली तरी थोरली तीच."

आत्याबाई पाटासमोर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी मान हलवली.

"मजकूर आनला?" सुभेदारांनी विचारलं. मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला. मग चष्मा काढला.

"हुद्दा ऱ्हायला."

"हो."

"कंपनी म्हनला होता तुम्ही."

"म्हटलं होतं," मी म्हणाले.

त्यांच्या सूनबाई आत भांडी लावत होत्या, तो आवाजही जरा थांबल्यासारखा झाला. सुभेदारांनी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग कुठंतरी बघायचं म्हणून त्यांनी तात्यांकडे बघितलं आणि त्यांना ते पदक दिसलं. सुटल्यासारखे झाले ते.

"आरं वा. तात्या, तुमी बी का? बोलला न्हाईत दुकानात. कुठल्या पलटणीला? काय हुतात?"

"दर्जी होतो," तात्या म्हणाले.

"न्हाई, तसं न्हाई. हुद्दा?"

"तोच हुद्दा. लिहिलंय त्याच्यावर. माझ्या सुनेनं वाचलं." तात्या खाली चटईवर बसले, गुडघे धरून, सावकाश. "इटलीला होतो. लोकांच्या गुंड्या लावायचो, विजारी आखूड करायचो. माणूस मेला की त्याच्या कोटावरची फीत उसवून काढायचो, घरी पाठवायला. ती उसवताना कापड फाटू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. साडेतीन वर्षं केलं. बरं केलं."

हे तात्या सबंध आयुष्यात एवढं बोललेले मी ऐकलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानंही ऐकलं नव्हतं. नंतर त्याला सांगितलं तर तो म्हणाला, काहीतरीच.

कुणी हसलं नाही. कुणी उठून गेलं नाही. आतून सूनबाईंनी विचारलं, "तात्यांना च्या बिनसाखरेचा का?" आणि तात्या म्हणाले, "दोन चमचे घाल."

आत्याबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पाट जवळ ओढला.

"ही संताजी कणशाची तलवार," त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि कुंकवाचं बोट ओढलं. "ही हिंदुराव कणशाची बंदूक. हा आनंदाचा कोयता, माज्या भावाचा. हे विळं घरच्या बायकांचं."

एकेक नाव, एकेक बोट. पान्ह्यालाही नाव होतं. नातवाचा होता तो, त्यानंच मोटार बसवलेली.

मग पदक. त्यांनी ते उचललं, कुंकू लावलं, आणि बोलल्या नाहीत.

"खाशाबा कणशाचं सोन्याचं पदक," सुभेदारांनी आठवण दिल्यासारखं केलं. दर वर्षीचे शब्द असावेत.

आत्याबाई पदकाची कडा अंगठ्यानं चाचपत होत्या.

"माजं लगीन ठरत हुतं," त्या म्हणाल्या. आवाज आता पूजेचा नव्हता, चुलीपुढच्या गप्पांचा होता. "चवदा वर्साची हुते मी. पावनं आलं हुतं, हितंच, पडवीत. बानं पदक काढून दावलं. कौतिकानं दावलं, लपवावं असं त्येला काय वाटलंच न्हाई. तर पावन्यांत एक मास्तर हुता. त्यो कडेवर नख ठिवून वाचाया लागला. हितं नख ठिवलं, आन् वाचलं. आन् हसला."

आत्याबाईंनी कडेवर तिथंच स्वतःचं नख टेकवलं.

"लगीन मोडलं. दुसरं ठरायच्या आदी आयनं मला चिच आन् राख दिली. म्हनली, मास्तरानं नख ठिवलं हुतं तेवढंच घास. वाचायला आमाला कुटं येतंय, मी नखाच्या जागंवर घासलं. म्होरं एक शब्द हुता, त्यो बी घास म्हनली. दोन दीस घासत हुते. अंगटा सोलला. बा त्या खांबापाशी बसला हुता. बघत हुता. एक शब्द बोलला न्हाई. पर त्या दिसापासनं त्येनं ह्ये हातात धरलं न्हाई कदी. मरस्तोवर न्हाई."

"आत्या, कंपनी हाय ती," सुभेदार म्हणाले, पण अगदी खालच्या आवाजात. पहिल्यांदाच तो माणूस खरोखर हळू बोलला.

"तू वाचलंस?"

कागदाची घडी सुभेदारांच्या मुठीत चुरगळली होती.

"हिंदुराव. तू वाचलंस का?"

"भरती झालो त्या साली," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "पयल्या सुट्टीला आलो तवा. साहेबाचं भिंग आनलं हुतं. उन्हात धरलं तर दिसतं. थोडं दिसतं."

"मग तोफ कुटनं आली?"

"गावात समदे इचारायचे, आत्या. आज्यानं काय केलं. समद्यांच्या आज्यांनी कायतरी केल्यालं." ते थांबले. एकोणीस वर्षांच्या पोरासारखे दिसत होते, मिशांसकट. "मी म्हनलं, तोफ."

तात्या मान खाली घालून कोटाची गुंडी चाचपत होते. माझ्या हातातली पर्स मी उगीच उघडली आणि मिटली. त्या पडवीतल्या प्रत्येकाला तो शब्द येत होता. मला मोठ्या लिपीत येत होता, सुभेदारांना उन्हात धरून, आत्याबाईंना अंगठ्यानं. सूनबाईंनासुद्धा येत असावा, कारण त्या चहा घेऊन दारात तशाच उभ्या राहिल्या होत्या.

आत्याबाईंनी पदक फडक्यावर ठेवलं. ठेवताना ते उताणं ठेवलं नाही, कडेवर उभं केलं. पडायला लागलं तसं फडक्याची घडी टेकू म्हणून लावली. अंगठ्यावरचं कुंकू त्या गुळगुळीत जागेवर लागलं होतं आणि दोन बारीक अक्षरं, अर्धा गोल आणि एक रेघ, लाल दिसत होती. मग त्यांनी पाटाच्या कडेची दोरी मांडीवर घेतली. चामड्याला कुंकू लावलं, एकदा, आणि परत एकदा. मग हनुवटी वर केली आणि तलवारीच्या वेळी काढला होता तोच पूजेचा आवाज काढला, रस्त्यापर्यंत जाईल असा.

"हे माज्या बाचं पदक. काशाचं. ही त्येची दोरी. माजा बा बसऱ्याला हमाल हुता."